नाताळ, कांजण्या आणि फुग्या: 24 दिवसांची नोंदवही

घर वसईत, केळीच्या वाडीतलं, कौलारू. तिथे आई, बाबा आणि 88 वर्षांची आजी. मी, बायको आणि सात वर्षांचा लेक पुण्याला. अकरा वर्षं सांभाळलेला शेरू जूनमध्ये गेला, तेव्हापासून बाबा म्हणत होते, आता कुत्रं नको. बेत असा होता: वाडीतल्या गावठी कुत्रीचं एक पिल्लू डिसेंबरच्या मध्यात घरात घ्यायचं, आठवडाभर बाबांनी त्याला रुळवायचं, नाताळच्या सकाळी लेकाच्या मांडीवर ठेवायचं आणि 1 जानेवारीला पुण्याला न्यायचं. पिल्लू घरात आलं. बाकी काही ठरल्यासारखं झालं नाही. कुणी असाच घाट घालणार असेल तर उपयोगी पडेल म्हणून तारीखवार लिहिलंय. रकमा रुपयांत, पावत्या समोर ठेवून.

14 डिसेंबर 2024, शनिवार

एकटाच आलो. घोडबंदर रोडला पावणेदोन तास गेले, त्यामुळे काम सुरू व्हायलाच दुपारचे दोन.

आधी कुंपण. कारण घरामागे पंधरा पावलांवर बावखल आहे. वसईबाहेरच्यांसाठी सांगतो: वाडीतलं तळं, पावसाचं पाणी धरून ठेवतं, त्यावर बागा शिंपल्या जातात. काठ शेवाळलेला आणि पायऱ्या एकाच अंगाला. दीड वितीचं पिल्लू आत पडलं तर वर येणार नाही.

पडवीत 6 बाय 4 फुटांची जागा आखली, एका अंगाला घराची भिंत. चार बांबू 440. दोन तासांचं काम समजून बसलो होतो, लागले पाच. पडवीला लादी आहे, बांबू रोवणार कुठे, हे बांबू आणल्यावर लक्षात आलं. शेवटी रंगाच्या रिकाम्या डब्यांत वाळू भरून त्यात बांबू उभे केले. बाबा म्हणाले, सिमेंट ओत. मी म्हटलं, कशाला, 1 तारखेला मोडायचंच आहे.

जाळीवर पैसे वाचवले. पाचूबंदरच्या एका ओळखीच्या कोळीदादांनी मासेमारीचं जुनं जाळं फुकट दिलं, तेच ताणून बांधलं. दिसायला झकास.

15 डिसेंबर, रविवार

केळीच्या वाळल्या पाल्यात चार पिल्लं. मी त्यातलं धीट, धावत येणारं उचललं. बाबा, ज्यांना कुत्रं नको होतं, ते म्हणाले, ‘ते ठेव. तो बघ, मागे बसलाय तो.’ मागे बसलेला उठत नव्हता, कारण पोट जमिनीला टेकत होतं. आमच्याकडे नाताळात फुगे तळतात, मैदा-नारळाच्या दुधाचे गोल गोळे, टम्म फुगलेले. आईने बघताक्षणी नाव ठेवलं, फुग्या.

डॉक्टरांनी पोटावर टिचकी मारून सांगितलं, हे बाळसं नव्हे, जंत आहेत. वजन 2.3 किलो, दातांवरून वय सात आठवड्यांच्या आसपास. जंताचं औषध आज, पहिली लस आठवड्याने. तपासणी आणि औषध मिळून 380.

एक गोष्ट आठवणीने केली आणि ती चालली. आईची जुनी साडी सकाळी पिल्लांच्या जागेत टाकून ठेवली होती, कुत्री तिच्यावर दोन तास झोपली. तीच साडी फुग्याच्या खोक्यात घातली. संध्याकाळी मी पुण्याला परतलो.

16 ते 19 डिसेंबर (बाबांच्या फोनवरून)

सोमवार: रात्रभर रडला. कुठेतरी वाचलं म्हणून मी टिकटिकणारं घड्याळ टॉवेलात गुंडाळून ठेवायला सांगितलं होतं, म्हणे आईच्या काळजासारखं वाटतं. फुग्याला काही वाटलं नाही. आजीला मात्र टिकटिकीने झोप लागली नाही. बाबांनी पहाटे तीनला खोकं स्वतःच्या खाटेशेजारी ओढलं, हात खाली सोडला, तो गप्प. घड्याळ विसरा, खोकं जवळ घ्या.

मंगळवार: जंत पडले. बाबांनी फोनवर लांबीसकट वर्णन केलं, मी तेव्हा डबा खात होतो. पोट उतरलं, नाव राहिलं.

बुधवार: जुलाब. चौकशीअंती कळलं, बाबा दिवसातून तीनदा गायीचं दूध पाजत होते. ‘शेरू दुधावरच वाढला.’ पिल्लांना गायीचं दूध बऱ्याचदा पचत नाही. बंद केलं. मऊ भात, थोडं दही आणि बिनमिठाचं उकडलेलं कोंबडीचं मांस कुस्करून, दिवसातून चार वेळा. दुसऱ्या दिवशी शी घट्ट.

गुरुवार: फुकटच्या जाळ्यात पाय अडकला. नायलॉनचा दोरा पंजाभोवती दोन वेढे बसला होता, बाबांनी विळीवर कापला. शिवाय तीन ठिकाणी चावून भोकं. पोटात किती दोरा गेला असेल या काळजीत दोन दिवस त्याची शी काडीने तपासावी लागली. ते काम कुणी केलं ते सांगत नाही. मासे धरायचं जाळं मासे धरायलाच ठीक. बाबांनी एक इंची कोंबडीजाळी आणली, 640, आणि बांधायला तार, 60.

20 डिसेंबर, शुक्रवार

तिघंही आलो. पिल्लाचं गुपित 25 तारखेपर्यंत ठेवायचं होतं, ते फाटकातच फुटलं. लेक दोन तास जाळीबाहेर उकिडवा बसून होता. संध्याकाळी त्याला मुलांच्या नाताळगीतांच्या तालमीला सोडून आलो. ही तारीख लक्षात ठेवा.

बाबांच्या मनगटावर ओरखडा दिसला. म्हणाले मंगळवारचा आहे, दात लागला, रक्त नाही आलं. ‘शेरूने मला वीसदा ओरबाडलंय.’ शेरूला दरवर्षी रेबीजची लस होती. फुग्याला एकही नाही, आणि आई रस्त्यावरची. दात किंवा नख लागलं की लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि दवाखाना गाठायचा, हे मी बाबांना 15 तारखेलाच सांगायला हवं होतं. उद्या सरकारी दवाखाना.

21 डिसेंबर, शनिवार

सकाळी बाबांचं इंजेक्शन. सरकारी दवाखान्यात फुकट. आज, मग 24, 28 आणि शेवटचं 18 जानेवारीला.

परत आलो तर बायको लेकाला आंघोळ घालता घालता थांबलेली. कानामागे दोन, पाठीवर पाच दाणे, टोकाला पाणी. अंगाला कणकण. आजीने लांबूनच बघून सांगितलं, ‘कांजण्या.’ बालरोगतज्ज्ञांनीही तेच सांगितलं, फक्त 500 रुपये घेऊन.

मग शाळेचा ग्रुप उघडला. 9 डिसेंबरचा निरोप: वर्गातल्या एका मुलाला कांजण्या आल्या आहेत, लक्ष ठेवा. मी त्याला अंगठा दाखवून मोकळा झालो होतो. लागण झाल्यापासून दाणे यायला साधारण 10 ते 21 दिवस लागतात, हिशोब तंतोतंत. लसीचा पहिला डोस दिला होता. दुसरा करोनाच्या गोंधळात राहिला तो राहिलाच. डॉक्टर म्हणाले, एक डोस आहे म्हणून सौम्य जाईल, पण दुसऱ्याला लागायचा तो लागेलच. तापाला पॅरासिटामॉल, खाजेला कॅलामाइन, नखं कापा, ॲस्पिरिन अजिबात नाही.

दाणे दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून लागण पसरते. म्हणजे कालची तालीम. चौदा मुलं. दुपारभर मी आईवडिलांना फोन करत होतो, अकरा जण भेटले. बहुतेक नीट बोलले, दोघांनी उलट औषधं सुचवली. एक बाई म्हणाल्या, ‘काल सांगायचं होतं.’ काल मला माहीत नव्हतं, पण माहीत असायला हवं होतं, त्यामुळे ऐकून घेतलं.

खरा पेच पुढे होता. ताई उद्या नाशिकहून येणार होती, पाचवा महिना. गरोदरपणात कांजण्या आईला आणि बाळाला दोघांनाही त्रासदायक ठरू शकतात. लहानपणी येऊन गेल्या असतील तर भीती जवळपास नाही. मग प्रश्न, ताईला आल्या होत्या का? आई म्हणाली, हो, दोघांनाही आल्या होत्या. बाबा म्हणाले, त्याला आल्या, तिला गोवर आला होता. आजी म्हणाली, ती तेव्हा मामाकडे होती. तीस वर्षांपूर्वीच्या पुरळावर अर्धा तास भांडण झालं. ताईने तिकडून फोनवर ऐकलं आणि म्हणाली, मी रक्त तपासून घेते, तुम्ही भांडा.

22 डिसेंबर, रविवार

डॉक्टरांना विचारलं होतं, कुत्र्याला कांजण्या होतात का? नाही. पण फोडांवर नख लागलं किंवा ते चाटले तर जखम चिघळेल, आणि पिल्लाची रेबीजची लस बाकी आहे. खपल्या धरेपर्यंत मांडीवर घ्यायचं नाही.

लेक पडवीलगतच्या खोलीत. तिला पडवीकडे उघडणारी खिडकी आहे, गजाची. कुंपण तिच्याखाली हलवलं. वाळूचे डबे ओढताना एक फुटला, वाळू पडवीभर. बसवून झालं तेव्हा कळलं की खिडकीचा कठडा कमरेएवढा आहे आणि खाटेवरून फुग्या दिसतच नाही, नुसता ऐकू येतो. लेक रडकुंडीला आलेला.

मग भाजीचा प्लास्टिकचा क्रेट उलटा घालून त्याला फळीचा उतार केला. फळीवर फुग्या तीनदा घसरला आणि चौथ्यांदा चढेचना. फळीला गोणपाट ठोकलं, वर एक कोंबडीचा तुकडा ठेवला, दहा मिनिटांत वर. आता नाक गजांपाशी. फळीला सुरुवातीलाच गोणपाट ठोका.

लेकाने त्याचं गुलाबी पोट निरखून पाहिलं आणि विचारलं, ‘डॅडी, त्याला पण आलेत?’ खरंच बारीक लाल ठिपके होते. पिसवा.

आजीने कडुनिंबाची डहाळी लेकाच्या उशाशी ठेवली. दुसरी खिडकीत अडकवली, ती फुग्याने ओढून चावली आणि असं तोंड केलं की लेक दोन दिवसांत पहिल्यांदा हसला. शेजारच्या काकू फाटकातूनच म्हणाल्या, आजींना जपा, नागीण होईल. डॉक्टरांना विचारून खात्री केली: नागीण अशी दुसऱ्याकडून येत नाही, ज्याला पूर्वी कांजण्या होऊन गेल्या त्याच्याच अंगात दडलेला विषाणू पुढे डोकं काढतो. आजी खोलीत बिनधास्त ये-जा करते आहे.

23 डिसेंबर, सोमवार

फुग्याची पहिली लस 700, पिसवांचा फवारा 250. वजन 2.7. पुण्याला न्यायचं बोललो तर डॉक्टर म्हणाले, सोळा आठवड्यांचा होईपर्यंत डोस चालणार, तोवर अनोळखी कुत्री फिरतात तिथे खाली सोडू नका, पार्वो (कुत्र्यांचा विषाणूजन्य आजार) झाला तर पिल्लू वाचवणं अवघड. आमच्या सोसायटीच्या आवारात सात कुत्री आहेत आणि लिफ्ट नाही. मी काही बोललो नाही.

दाणे मोजले, 43. नवीन येतातच आहेत, पुंजक्यांनी.

24 डिसेंबर, मंगळवार

आजची चूक पूर्ण माझी.

संध्याकाळी नाताळगीतं म्हणणारी पोरं आली, त्यांना फाटकाबाहेरूनच गायला सांगितलं. मी केकचं ताट घेऊन निघालो, पोरांपैकी एकाने हाक मारली म्हणून ताट पडवीतल्या बाकड्यावर टेकवलं. बाबा तेव्हा कुंपण धुवत होते, म्हणजे फुग्या मोकळा. वळलो तर तो ताटात. रममध्ये महिनाभर मुरवलेल्या मनुका घातलेला केक, एक फोड गायब.

मनुका आणि द्राक्षं कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात, आणि किती खाल्ल्यावर हे आधी सांगता येत नाही. चॉकलेटचं मला ठाऊक होतं, मनुकांचं बायकोने सांगितलं. डॉक्टरांना फोन लागला, हे नशीब. म्हणाले, घरी मिठाचं पाणी वगैरे पाजू नका, लगेच आणा, दोन तासांच्या आत उलटी झाली तर बरं. रिक्षाने गेलो, थांबवून ठेवली, येऊन-जाऊन 300. उलटीचं इंजेक्शन, मग सलाईन, 1400.

टेबलावर पडलेल्या उलटीतून डॉक्टरांनी चिमट्याने मनुका एका बाजूला ओढल्या. आम्ही दोघांनी मोजल्या. नऊ. आईला फोन करून विचारलं, एका फोडीत किती असतील? तिकडून आईचा आवाज: ‘मी काय मोजून घालते?’ मग तिने दुसरी फोड कुस्करून मोजली. अकरा.

बायको आणि आई मध्यरात्रीच्या मिस्साला गेल्या. मी घरी पोचलो तेव्हा चर्चची घंटा वाजत होती आणि फटाके सुरू झाले होते. फुग्याला माझ्या बनियनमध्ये घेऊन लेकाच्या खिडकीबाहेर बसलो. लेक जागाच होता. ‘तो मरणार आहे का?’ मी म्हटलं, नाही. मला माहीत नव्हतं.

25 डिसेंबर, बुधवार

फुग्याने दर दोन तासांनी लघवी केली की नाही याची बाबांनी कॅलेंडरच्या मागे नोंद ठेवली. केली. लेकाला ताप नाही. फुगे, सांदणं, मटण झालं. लेकाचं ताट खिडकीशी, आमची पडवीत. नाताळच्या देखाव्यातल्या गोठ्याचा पेंढा ओला सापडला, कुणी केला ते उघड आहे, फक्त तो बाहेर कधी निसटला ते कळलं नाही.

26 डिसेंबर, गुरुवार

फुग्याची रक्ततपासणी, 650. मूत्रपिंड ठीक. दुपारी ताईचा रिपोर्ट: प्रतिपिंडं आहेत, म्हणजे तिला कांजण्या येऊन गेल्यात. आईने तो फोन बाबांना दोनदा ऐकवला. तरी तिच्या डॉक्टरांनी सांगितलं, सगळ्या खपल्या धरल्यावरच जा.

28 आणि 29 डिसेंबर

28ला शेवटचा दाणा सुकला. बाबांचं तिसरं इंजेक्शन.

29ला भेट. लेकाला लांब बाह्या, लांब पँट, जमिनीवर मांडी घालून, हात पालथे. फुग्याची नखं आदल्या दिवशी घासलेली. मला वाटलं होतं लेक झडप घालेल. आठ दिवस गजांतून बघून त्याला काय काय कळलं होतं: कान मागे गेले की थांबायचं, तोंड उघडलं की हात काढायचा, अंगठीच्या आवाजाने तो येतो. हे मी शिकवलेलं नाही. चार मिनिटं फुग्या मांडीवर होता, पाचव्या मिनिटाला मुतला.

31 डिसेंबर, मंगळवार

रात्री वाडीत पोरांनी ‘म्हातारा’, म्हणजे सरत्या वर्षाचा पुतळा, जाळला, फटाके आलेच. फुग्याला मधल्या खोलीत, पंखा पूर्ण वेगात, दार बंद. 24च्या मानाने पुष्कळ बरं गेलं. पुण्याला नेण्याबद्दल आज कुणी बोललं नाही.

5 जानेवारी 2025, रविवार

ताई काल आली. आज तीन राजांचा सण आणि आमचं नाताळचं जेवण, अकरा दिवस उशिरा. आईने फुगे पुन्हा तळले. या खेपेला केक कपाटात, कुलूप लावून.

6 जानेवारी, सोमवार

हिशोब. फुग्यावर 4820. त्यातले 2350 एका केकच्या फोडीचे. लेकाची तपासणी आणि औषधं वेगळी, 920. त्याची शाळा बुडाली, आता प्रमाणपत्र लागेल.

बाकी कामं: बाबांचं इंजेक्शन 18 जानेवारी. फुग्याचा दुसरा डोस 20 जानेवारी, रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर, म्हणजे जानेवारीअखेर, पुढचा डोस 17 फेब्रुवारी. लेकाच्या राहिलेल्या लसींचं कार्ड घेऊन डॉक्टरांकडे जायचं. बावखलाच्या काठाला कुंपण अजून नाही. पंधरा फुटांना तरी जाळी लागेल, मार्चच्या आत.

गाडीत सामान भरल्यावर बाबांना विचारलं, फुग्याचं काय करायचं? ते म्हणाले, ‘डोस पुरे होऊ देत.’ मग खोकं तरी पडवीतून हलवू, जागा मोकळी करू, म्हणून कुंपण सोडवायला गेलो. रंगाचा डबा उचलेना. दुसराही नाही. आत वाळू नव्हतीच, कधीतरी बाबांनी सिमेंट ओतलं होतं.

‘अर्धी गोणी पडून होती,’ बाबा म्हणाले. ‘वाया गेली असती.’